घोडबंदरच्या खाडीतली बुटकी बोय

पेपरात ‘किनाऱ्यावर सापडली माशाची नवी प्रजाती’ असा मथळा दिसला की मी आधी फोटोतल्या माणसाकडे बघते, मासा नंतर. माणूस माशापेक्षा मोठा छापलेला असेल तर बातमी वाचायचे कष्ट घेत नाही. खरं काम केलेला माणूस अशा फोटोत बहुधा नसतोच. असलाच तर कडेला असतो, डोळे मिटलेले असतात आणि खाली नाव दुसऱ्याचं असतं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात मासे ओळखले. कॉलेजच्या जिन्याखाली फॉर्मॅलिनच्या बरण्यांची एक खोली होती. तिला आम्ही संग्रहालय म्हणायचो. आम्ही म्हणजे मी एकटीच. बाकी सगळे तिला ‘वासाची खोली’ म्हणायचे. वर्षातून एकदा तपासणीची समिती यायची तेव्हा मात्र सगळ्यांना ते संग्रहालय वाटायचं, आणि दाराला झेंडूचं तोरण लागायचं.

बाहेरच्या माणसासाठी आमचा धंदा थोडक्यात सांगते. नवी प्रजाती म्हणजे जिचं वर्णन जगात कुणीच केलेलं नाही. नवी नोंद म्हणजे मासा जगाला माहीत आहे, पण या पाण्यात तो आहे असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. पहिली गोष्ट दुर्मीळ. दुसरी हल्ली फार स्वस्त झालीय. मासा मुंबईत मिळाला की एक शोधनिबंध, तोच वसईला मिळाला की दुसरा, आणि मधे भाईंदरला मिळाला की तिसरा. महापालिकेच्या हद्दी माशाला कुणी समजावून सांगितलेल्या नसतात, पण निबंध लिहिणाऱ्याला त्या पाठ असतात. कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कालवणात घातलेला मासा एक दिवस ‘भारतात प्रथमच’ सापडतो आणि सापडवणाऱ्याचा सत्कार होतो.

प्रत्यक्ष काम असं: पाठीवरच्या परातले, म्हणजे पंखातले, काटे मोजायचे, अंगावरच्या एका ओळीतले खवले मोजायचे, डोकं अंगाच्या लांबीत किती वेळा बसतं ते बघायचं आणि मग जगभरातली जुनी वर्णनं काढून ताडून बघायचं. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की मला त्यात सुख वाटतं असं मी सांगितलं तर लोक काळजीच्या नजरेने बघतात.

गिऱ्हाइकंही तशीच. एकदा मीरा रोडचे एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत जिवंत मासा घेऊन आले. शोभेच्या टाकीतला होता, पाठीला बाक आलेला. म्हणाले, “मॅडम, इसकी पीठ टेढ़ी है. वास्तु के लिए चलेगा क्या?” मी म्हटलं, “मछली के लिए नहीं चलेगा. वास्तु का आप देख लो.” ते नाराज होऊन गेले. विज्ञान लोकांच्या उपयोगी पडत नाही असं त्यांचं मत झालं असणार.

सांगायची गोष्ट बुटक्या बोयीची आहे.

आमचं बिऱ्हाड गिरगावातून भाईंदर पूर्वेला आलं तेव्हापासून मी गोडदेवच्या बाजारात मथुराबाईकडून मासे घेते. मथुराबाई घोडबंदरची. नवरा आणि मुलगा खाडीत जाळं टाकतात, ती टोपली घेऊन रिक्षाने गोडदेवला येते. मी बरण्यांत मासे भरते हे कळल्यावर काही वेगळं दिसलं की ती ते टोपलीच्या तळाशी पानाखाली माझ्यासाठी ठेवायची. त्या दिवशी तिने पान बाजूला केलं आणि एक बोय माझ्यापुढे टाकली.

बोय हा खाडीतला अगदी साधा मासा. लांबट, गोलसर, रुपेरी. ही मात्र आखूड होती आणि पाठ उंच, जणू कुणी डोकं आणि शेपूट धरून दोन्हीकडून दाबली असावी.

“ही बग बाई, चेपलेली हाय,” मथुराबाई म्हणाली.

“कुठे मिळाली?”

“वरसाव्याच्या पुलाच्या वरल्या अंगाला. आता अशा येतान. एक न्हाय, लई येतान. गिऱ्हाईक घेत न्हाय. म्हणतं शिळी हाय. शिळी मासळी बुटकी होते काय?”

तिच्या बोलण्यातला ‘लई’ माझ्या डोक्यात राहिला. असा एखादा मासा कुठेही निघतो. जन्मदोष माणसात असतात, माशातही असतात. पण पुष्कळ निघाले तर पाण्यात काय चाललंय हे विचारावं लागतं. मी मासा कॉलेजात नेला, फॉर्मॅलिनमध्ये घातला आणि टेबलावर ठेवला. तिथे तो डॉ. वाळिंब्यांना दिसला.

वाळिंबे आमचे विभागप्रमुख. आयुष्यात त्यांनी माशाला हात लावला तो ताटातच. प्राचार्यपद त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात आलं होतं आणि शोधनिबंध कमी पडत होते. बरणी उचलून ते खिडकीपाशी गेले, फिरवून फिरवून बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला त्या माशाची काळजी वाटली.

“तळवडेकर मॅडम, हे काय आहे?”

“बोय आहे, सर.”

“बोय अशी नसते.”

“मणके चेपलेली बोय अशी असते.”

“हे तुमचं मत झालं. अंगाची उंची बघा. कुठल्याही वर्णनात बसत नाही.”

“बुटका माणूस दिसला तर आपण माणसाची नवी जात धरत नाही, सर. खवले मोजा, काटे मोजा. सगळे नेहमीच्या बोयीइतकेच आहेत.”

वाळिंबे हसले. वरिष्ठ माणूस कनिष्ठ बाईच्या बोलण्यावर हसतो तसं. “तुम्ही फार मोजत बसता. थोडं मोठं बघायला शिका,” म्हणाले आणि बरणी घेऊन गेले.

मी हट्टाने बरणी परत मागून घेतली आणि एक्सरे काढायचं ठरवलं. बोयीच्या पाठीत चोवीस मणके असतात. ते दिसले की वादच उरत नाही. कॉलेजात एक्सरेचं यंत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. मासा धुऊन, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मी स्टेशनजवळच्या एका एक्सरे सेंटरमध्ये गेले. काउंटरवरची मुलगी मान वर न करता टाइप करत होती.

“पेशंट का नाम?”

“बोय.”

“बॉय है वो ठीक है. नाम बताओ ना.”

“नाम ही बोय है. मछली है.”

तेव्हा तिने वर बघितलं. मी पिशवी काउंटरवर ठेवली. मागच्या बाकावर पाय बांधलेले एक आजोबा होते, ते मराठीत म्हणाले, “घ्या तिला आधी. माझं काय, मी जिवंत आहे.” आत यंत्र चालवणाऱ्या माणसाने आपला एप्रन सरळ केला, मासा पाटीवर ठेवला आणि विचारलं, “चेस्ट निकालू या पूरा?” पूर्ण काढला. प्रिंटवर ‘बॉय, वय एक’ असं छापून आलं, कारण वय रिकामं सोडलं तर यंत्र पुढे जात नव्हतं.

चित्र लख्ख होतं. चोवीसच्या चोवीस मणके जागेवर, फक्त मधले बरेचसे चपटे होऊन एकमेकांत रुतलेले. त्यामुळे अंग आखूड, आणि मांस जाणार कुठे, म्हणून पाठ उंच. मी तो एक्सरे वाळिंब्यांसमोर खिडकीच्या काचेला लावला आणि पेन्सिलने एकेक मणका मोजून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “प्रजाती बाह्य लक्षणांवरून ठरवतात. आतलं बघायचं कारण नाही.”

मी निबंधावर माझं नाव घालू नका एवढंच सांगितलं. ते त्यांनी आनंदाने मान्य केलं.

नव्या प्रजातीला नाव लागतं. आमच्या भागाचे नगरसेवक दिनेशभाऊ यांनी सोहळ्यासाठी सभागृह दिलं आणि त्याबद्दल मासा त्यांच्या स्वर्गवासी वडिलांच्या नावाचा झाला. वडिलांचं नाव गोमा. लॅटिन प्रत्यय लागून ते ‘गोमाई’ झालं. दिनेशभाऊंना ते जरा बाईमाणसाचं वाटलं, पण वाळिंब्यांनी समजावलं की परदेशात असंच असतं. जिथे निबंध पाठवला की फारसं कुणी वाचत बसत नाही आणि लगेच छापतात अशा एका नियतकालिकात तो छापून आला. सभागृहात माशाचा भिंतभर फोटो होता आणि त्याला हार घातला होता. मेलेला होताच, त्यामुळे हार चुकला असं म्हणता येत नाही. वाळिंबे अर्धा तास ‘आपल्या खाडीचं वैभव’ यावर बोलले. त्या खाडीत त्यांनी कधी पाय घातला नव्हता. मथुराबाईला आमंत्रण नव्हतं. शेवटी दिनेशभाऊ माझ्यापाशी आले, शाल माझ्याकडे वळवत म्हणाले, “मॅडम, तुम्हीपण या टीममध्ये ना?”

“नाही. मी फक्त मासा विकत घेतला होता,” मी म्हटलं आणि चहा न घेता घरी आले.

त्यानंतर मी जे केलं ते रागाने केलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. रागात काम चांगलं होतं. मी मथुराबाईला सांगितलं, बुटक्या, वाकड्या, सरळ, सगळ्या बोयी मला दे, आणि प्रत्येक कुठे मिळाली ते सांग. मला एकच गोष्ट शोधायची होती. बोय अंडी घालते समुद्रात. बोटाच्या पेराएवढी पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात आणि खाडीत वाढतात. मग त्यांचा कणा बिघडतो तो समुद्रात की खाडीत? मथुराबाईच्या मुलाने खाडीच्या तोंडाशी नुकती आत येणारी पिल्लं बारीक जाळ्याने पकडून दिली. एक्सरे सेंटरमध्ये आता मला कुणी नाव विचारत नव्हतं. आत येणाऱ्या पिल्लांचे कणे सरळ होते. पुलाच्या वरच्या अंगाला, खाडीत आतवर, महिनोन्‌महिने वाढलेल्यांत वाकडे निघत होते.

आता हे का होतं, ते मला सांगता येत नव्हतं आणि आजही येत नाही. पाणी फार तापलं, प्राणवायू कमी पडला, गाळात जस्त-शिसं साचलं, अन्नात काही कमी पडलं, यातल्या कशानेही मणके चेपतात. एक्सरे फक्त वाकलेलं दाखवतो, कुणी वाकवलं ते दाखवत नाही. पण कुठे शोधायचं हे आता ठाऊक होतं. मी सगळं नीट लिहिलं आणि त्यातच ‘गोमाई’ ही वेगळी प्रजाती नसून नेहमीची बोय आहे हेही लिहिलं. एका मोठ्या नियतकालिकाने ‘विषय केवळ स्थानिक महत्त्वाचा’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्याने, जरा लहानशा, छापलं. वाळिंब्यांनी वाचलं की नाही कोण जाणे. ते तोवर दुसऱ्या कॉलेजात प्राचार्य होऊन गेले होते आणि तिथे त्यांच्या केबिनबाहेरच्या पाटीवर ‘मत्स्यसंशोधक’ असं लिहिलेलं होतं. मी एका सरकारी कार्यालयात निबंधाची प्रत घेऊन गेले. साहेब म्हणाले, “पाणी आमच्याकडे आहे, मासे दुसऱ्या खात्याकडे.” दुसऱ्या खात्यात म्हणाले, “मासे आमच्याकडे आहेत, पण मणके म्हणजे आरोग्य झालं.” एका न्यूज चॅनेलची मुलगी आली. तिने विचारलं, “म्हणजे मासा खाल्ला तर माणूस वाकडा होणार?” मी नाही म्हटलं, तर तिने कॅमेरा बंद केला.

मी निवृत्त झाल्यावर एका दुपारी दारावरची बेल वाजली. दिनेशभाऊ, एकटेच. सोबत नेहमीची पोरं नव्हती. मला वाटलं, भांडायला आलाय. मीही तयार होते.

बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मॅडम, मला आमच्या पार्टीतल्या एकाने सांगितलं की तुम्ही बाबांचं नाव खोटं ठरवलंत.”

“नाव नाही, मासा. तो मासा नवा नव्हता.”

“मग ते नाव काढून टाका ना. लोक हसतायत. म्हणतात, याच्या बापाच्या नावाचा मासा लंगडा निघाला.”

“काढता येत नाही. एकदा छापलं की ते कायम राहतं. मूळ नावाच्या खाली बारीक अक्षरात, हेही तेच, असं.”

“म्हणजे कायम?”

“कायम.”

माझ्या मनात आलं, बरं झालं. खरंच आलं. मग ते म्हणाले, “काय वाकडं होतं त्याचं? मला कुणी दाखवलंच नाही.”

सोहळा केला, हार घातला, आणि मासा याला कुणी दाखवलाच नव्हता. मी एक्सरे आणला आणि बाल्कनीच्या काचेला धरला. दिनेशभाऊ जवळ गेले. त्या चेपलेल्या मणक्यांवरून त्यांनी हळूहळू बोट फिरवलं.

“बाबांचा एक्सरे असाच होता,” ते म्हणाले. “मिठागरात होते ना. लहानपणापासून डोक्यावर मीठ वाहिलं. शेवटी इतके खाली आले होते की माझ्या छातीला लागायचे. डॉक्टर म्हणाला, मणके बसलेत.”

माझ्याकडे टोमणे पुष्कळ होते, पण त्या वेळी एकही कामाचा नव्हता.

“यांनी काय वाहिलं?” त्यांनी विचारलं. “बोयींनी?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विभागप्रमुखांनी नाही, संपादकांनी नाही, दोन्ही खात्यांच्या साहेबांनी नाही. मी म्हटलं, माहीत नाही, पाणी आणि गाळ तपासावा लागेल, पुलाच्या वरच्या अंगाला.

दिनेशभाऊंनी आपलं वजन वापरलं. महिन्याभरात पाण्याच्या खात्याचा माणूस बाटल्या घेऊन घोडबंदरला आला. भरतीच्या वेळी आला. भरतीला त्या खाडीत समुद्राचंच पाणी असतं. काठावर उभ्या मथुराबाईने त्याला सांगितलं, “साहेब, वहोटीला या. आता न्हाय काय गावायचं.” त्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं, बाटल्या भरल्या आणि गेला. अहवाल आला, सर्व काही मर्यादेत.

मी तो अहवाल वाचून नेहमीसारखं हसून ठेवून देणार होते. दिनेशभाऊ हसले नाहीत. ते त्या कार्यालयात जाऊन बसले आणि त्या माणसाला ओहोटीला परत घेऊनच आले. मी तिथे होते. चिखल गुडघ्याच्या वर होता. साहेबाचे बूट पहिल्या पावलातच आत राहिले. मथुराबाईचा मुलगा होडी धरून उभा होता आणि ती काठावरून ओरडून सांगत होती, “पाय उचलू नका, सरकवा.” दिनेशभाऊंनी पांढरी पँट दुमडली आणि गाळाचा डबा स्वतः भरला.

त्या गाळाचा अहवाल अजून आलेला नाही. विचारलं की ‘प्रक्रियेत आहे’ असं उत्तर मिळतं. पुढच्या निवडणुकीत दिनेशभाऊंना तिकीट मिळालं नाही. याचा त्याच्याशी संबंध आहे असं ते म्हणत नाहीत, आणि मला राजकारण कळत नाही. आता त्यांना कुणी भाऊ म्हणून हात जोडत नाही. रविवारी पिशवी घेऊन ते गोडदेवला मासे घ्यायला येतात.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा ते मथुराबाईसमोर उकिडवे बसले होते. टोपलीतली एकेक बोय उचलून अंगठ्याने पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपत होते. मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती.

“घ्यायची तर घे, न्हायतर ठेव,” मथुराबाई म्हणाली. “मासळी हाय, सून न्हाय.”

त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आणखी दोन-तीन चाचपल्या. मग एकीवर अंगठा थांबला. ती त्यांनी वेगळी बांधून घेतली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ती पुडी माझ्या हातात दिली.

“इथे,” त्यांनी अंगठ्याने जागा दाखवली. “बघा, लागतंय का.”

लागत होतं.